अंगठ्याचें मोल

पत्रा कापणाऱ्या व ठोकणाऱ्या यंत्रास ‘पॉवर प्रेस’ म्हणतात. पत्रा साच्यावर ठेवून कळ दाबली कीं वरचा ठोकळा खालीं येतो; हात मागें घेण्यास क्षणाचा विलंब झाला तर बोटें त्याखालीं सांपडतात. यास्तव पुष्कळ यंत्रांस दोन कळा असतात. दोन्ही हातांनीं एकदम दाबल्यावांचून तीं चालत नाहींत. काम लवकर उरकावें म्हणून कित्येकजण एक कळ बांधून ठेवितात. ह्यास चातुर्य म्हणणें मला तरी साधत नाहीं.

तुटलेलें बोट स्वच्छ ओलसर कापडांत गुंडाळून, पिशवींत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवावी. उघडें बोट बर्फांत टाकल्यास तें गोठून निकामी होतें. जपानांत नारा येथें कोमात्सु व तामाई यांनीं १९६५ सालीं पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें जोडला होता.

जोडणें न साधल्यास नुकसानभरपाईचा प्रश्न येतो. १९२३ च्या कायद्याच्या पुढें सुधारलेल्या परिशिष्टांत अंगठ्याबद्दल मिळकतीच्या शक्तीची ३० टक्के हानि धरिली होती. तर्जनीबद्दल १४, करंगळीबद्दल ७. अंगठ्यावांचून मूठ वळत नाहीं, हें त्याचें कारण. आपणांपैकीं जे पालक कारखान्यांत आहेत त्यांनीं अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशीं करवून घ्यावी. मागाहून दावा शाबीत करणें कठीण जातें.