तुमसरचे मँगनीज आणि परग्रहावरचे रोव्हर

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या गावांच्या परिसरात मँगनीजच्या खाणी असून, त्यांपैकी डोंगरी बुजुर्गची खाण उघडी, तर चिखल्याची भूमिगत आहे, आणि दोन्ही मॉइल या सरकारी कंपनीकडे आहेत. पोलादाला कणखरपणा देणारे आणि टॉर्चच्या सेलमध्ये भरले जाणारे हे काळे, वजनदार खनिज या भागाला नवे नाही. मात्र याच मूलद्रव्याची नोंद ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस भारताच्या ‘प्रज्ञान’ रोव्हरने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भूमीवर केली, आणि त्याच्या कितीतरी आधी मंगळावरील रोव्हरनाही ते आढळले होते. अंतराळ संशोधनात यंत्रे नेमके कोणते काम करतात आणि कोणते करू शकत नाहीत, हे समजून घेण्यासाठी मँगनीजइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.

‘यंत्रमानव’ या शब्दामुळे हातपाय असलेली आकृती डोळ्यांसमोर येते, पण परग्रहावर पाठवले जाणारे बहुतेक यंत्रमानव चाकांच्या गाड्या, म्हणजे रोव्हर, असतात. पृथ्वीवरून चालवलेली अशी पहिली गाडी म्हणजे सोव्हिएत संघाची ‘लुनोखोद-१’, जी नोव्हेंबर १९७० मध्ये चंद्रावर उतरली. ‘प्रज्ञान’ तिच्या तुलनेत अगदी लहान, सुमारे २६ किलो वजनाचे आणि सहा चाकांचे होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ हे लँडर उतरल्यानंतर ते त्यातून बाहेर पडले आणि चंद्रावरील एका दिवसात, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे चौदा दिवसांच्या अवधीत, जेमतेम शंभर मीटर फिरले. त्याचा पृथ्वीशी थेट संपर्क नव्हता. संदेश ‘विक्रम’मार्फत येत-जात. २७ ऑगस्टला तीन मीटर पुढे चार मीटर व्यासाचा खड्डा दिसला, तेव्हा त्याला आल्या वाटेने परतण्याची आज्ञा देण्यात आली.

दगड ओळखण्यासाठी या गाडीवर दोन उपकरणे होती. पहिले लेझरचा तीव्र झोत मातीवर टाकून तिचा सूक्ष्म कण क्षणभर तप्त, चकाकत्या वायूत बदलते आणि त्या प्रकाशातील रंगांच्या रेषांवरून कोणती मूलद्रव्ये आहेत ते सांगते, कारण प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. दुसरे उपकरण किरणोत्सारी स्रोतातून अल्फा कण आणि क्ष-किरण सोडते, आणि दगडाने परत टाकलेल्या क्ष-किरणांवरून त्याची घडण मोजते. गंधक, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह यांच्याबरोबर मँगनीजची नोंद झाली ती पहिल्या उपकरणाने. पण चंद्रावरचे हे मँगनीज तुमसरच्या मँगनीजसारखे नाही. तिथे ते लोहाच्या सोबतीने खडकातील खनिजांत अल्प प्रमाणात विखुरलेले असते. त्याला विरघळवून एका जागी साठवणारे पाणी चंद्राच्या पृष्ठभागावर कधी वाहिलेच नाही. लोह आणि मँगनीज यांचे गुणोत्तर एका ग्रहगोलाच्या खडकांत बरेचसे सारखे राहते, म्हणून पृथ्वीवर पडलेला एखादा अशनी, म्हणजे आकाशातून आलेला दगड, चंद्राचा की मंगळाचा हे ठरवतानाही त्याचा आधार घेतला जातो.

मंगळाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. २०१२ साली गेल विवरात उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरला सात मीटरपर्यंतच्या दगडावर लेझर सोडता येतो, आणि या लेझरने तेथील खडकांच्या भेगांमध्ये मँगनीजची भरपूर ऑक्साइडे दाखवली. ते निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर मोठी चर्चा झाली. लोखंड सहज गंजते, परंतु मँगनीजचे ऑक्साइड होण्यासाठी त्याहून प्रबळ ऑक्सिडीकारक लागतो, आणि पृथ्वीवर ही भूमिका बहुतेक वेळा हवेतील ऑक्सिजन किंवा सूक्ष्मजीव बजावतात. मग मंगळाच्या हवेत एकेकाळी पुष्कळ ऑक्सिजन होता काय? क्लोरीन-ब्रोमीनयुक्त क्षारही मंगळासारख्या परिस्थितीत ही क्रिया घडवू शकतात, असे पुढे प्रयोगशाळेत दिसून आले, त्यामुळे प्रश्न अद्याप खुला आहे. रोव्हरने मूलद्रव्य दाखवले. त्याचा अर्थ लावण्याचे काम पृथ्वीवरच्या खडकांशी तुलना करणाऱ्यांकडे आले.

पृथ्वीवरचे असे खडक कसे वाचले जातात, याचे उदाहरण मध्य भारताच्या मँगनीज पट्ट्यात मिळते. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या सलग भागातील मँगनीजयुक्त खडकाला भूशास्त्रज्ञ लुईस ली फर्मोर यांनी गोंड समाजाच्या नावावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, आणि ते आजही जगभरच्या भूशास्त्रात वापरात आहे. स्पेसार्टीन हा मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा हा खडक. प्राचीन समुद्रात साठलेला मँगनीजयुक्त गाळ पुढे पृथ्वीच्या पोटातील उष्णता आणि दाबाने बदलून तो बनला, हा इतिहास खडकाचा कागदाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, कणाला कण कसा भिडला आहे हे तपासून वाचता आला.

अशा प्रकारचे वाचन आजच्या कोणत्याही रोव्हरला करता येत नाही, ही त्याची खरी मर्यादा आहे. वेग किंवा बुद्धी ही नव्हे. संदेश मंगळावर पोहोचायला ग्रहांच्या अंतरानुसार तीन ते बावीस मिनिटे लागत असल्याने ‘क्युरिऑसिटी’ला २०१६ पासून लेझरसाठी लक्ष्य स्वतः निवडण्याचीही मुभा आहे, आणि ते काम ती चांगले करते. पण दगडाचा काप घेऊन घासून पातळ करायचा तर तो प्रयोगशाळेत आणावा लागतो. म्हणूनच २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ने खडकांचे नमुने नळ्यांत बंद करून ठेवले असून, त्यांतील दहा नळ्या जमिनीवर मांडून ठेवल्या आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या चांद्रयान-४ मोहिमेचा उद्देशही चंद्राची माती आणि खडक पृथ्वीवर आणणे हाच आहे. ते नमुने आले, की ‘प्रज्ञान’ने नोंदवलेले मँगनीज ज्या प्रकारच्या खनिजांत असते, त्यांचे कण गोंडाइटच्या कापांसारखेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतील.