प्रत द्यायची की पत्ता?

एका वर्गातील विद्यार्थ्यांचे गुण हजेरी क्रमांकानुसार एका यादीत साठवले आहेत, असे समजा. गुणांचा मध्यक काढण्यासाठी पायथन भाषेत एक छोटे फंक्शन लिहिले जाते. ते यादी चढत्या क्रमाने लावते आणि मधली संख्या परत देते. उत्तर अचूक येते. मात्र त्यानंतर छापलेल्या निकालात पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला वर्गातील सर्वांत कमी गुण पडलेले दिसतात! संगणक कोठेही चूक दाखवत नाही.

फंक्शनला माहिती कशी सोपवली जाते, यात या घोटाळ्याचे मूळ आहे. १९५८ साली आलेल्या फोरट्रान-२ मध्ये सामान्यतः माहितीचा स्मृतीतील पत्ताच सोपवला जाई. त्यातून विलक्षण प्रकार घडत. काही जुन्या कंपायलरांत २ हा आकडा सबरूटीनला दिला आणि तिने त्याजागी ३ भरले, की पुढे प्रोग्रॅममध्ये जेथे २ लिहिले असेल तेथेही ३ धरले जाण्याची शक्यता असे. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या ‘सी’ने उलट वाट धरली. तेथे फंक्शनच्या हाती पडते ती मूल्याची प्रत. झेरॉक्सवर कितीही खाडाखोड केली तरी मूळ कागदाला धक्का लागत नाही. मूळच बदलायचे असेल, तर त्याचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, द्यावा लागतो. (अ‍ॅरे दिला की मात्र त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता आपोआप जातो.)

जावा आणि पायथनबाबत गोंधळ अधिक आहे. या भाषांत यादीसारख्या वस्तू ‘संदर्भाने’ पाठवल्या जातात, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. प्रत्यक्षात प्रत निघते, पण ती पत्त्याच्या चिठ्ठीची. त्या पत्त्यावर जाऊन घरातील सामान हलवले, तर मूळ चिठ्ठी ज्याच्याजवळ आहे त्यालाही हललेलेच दिसणार. उलट आपल्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडून दुसरा लिहिला, तर त्याची चिठ्ठी तशीच राहते. म्हणूनच फंक्शनमध्ये त्या नावाला नवी यादी जोडली तर बाहेर काही बदलत नाही. आहे तीच यादी क्रमाने लावली तर बाहेरची उलथापालथ होते.

गुणांच्या उदाहरणात उपाय दोन अक्षरांचा आहे: ‘सॉर्ट’ऐवजी ‘सॉर्टेड’. पहिले मूळ यादीच हलवते, दुसरे नवी तयार करून देते. अर्थात ही नवी यादी फुकट मिळत नाही. साठ गुणांसाठी तो खर्च जाणवणारही नाही. काही कोटी नोंदींची यादी असेल, तर स्मृती आणि वेळ दोन्ही मोजावे लागतात.