चाळीस टक्के भरत नाहीत म्हणून गप्प बसू नका

चाकण, भोसरी, तळवड्यात पॉवर प्रेसवर काम करणारी कितीतरी मुले आपल्याच वस्त्यांत राहतात. मागे एका तपासणी शिबिरात असाच एक जण आला. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेलेली. ‘दिव्यांगाला चाळीस टक्के लागतात, तुझे भरत नाहीत, काही मिळणार नाही,’ असे त्याला कोणीतरी सांगितलेले. दोन वर्षे त्याने कुठेच अर्ज केला नव्हता.

इथे दोन टक्केवाऱ्यांची गल्लत होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि नोकरीतील आरक्षणासाठी किमान 40 टक्के लागतात, हे खरे. पण ईएसआयचा हिशेब निराळा. कामावरच्या इजेने कमाईची ताकद किती घटली, एवढेच तिथे पाहतात. चाळीसची अट नाही. तक्त्यात अंगठा गेल्यास 30 टक्के, पूर्ण तर्जनी 14, मधले बोट 12, करंगळी 7. हाड न जाता करंगळीचे नुसते टोक गेले तरी 2.

समजा सरासरी रोज 500 रुपये पडतो. त्याचे 90 टक्के म्हणजे 450. तर्जनीचे 14 टक्के धरले तर दिवसाला 63, महिन्याला सुमारे 1,890 रुपये. तेही आयुष्यभर, पुन्हा कामाला लागलात तरी. कंत्राटी कामगारालाही हा हक्क आहे, आणि कामावर लागून किती दिवस झाले हे पाहत नाहीत. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1944 साली आलेल्या अडारकर अहवालावर ही योजना उभी आहे. आपल्याच लोकांना ती माहीत नसावी, याचे मला वाईट वाटते.

अपघात झाला की त्याच दिवशी अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा. ‘घरी लागले म्हणून सांग, खर्च आम्ही करतो,’ असे सुपरवायझर म्हणाला तरी ऐकू नका. केसपेपरवर ‘मशिनवर इजा’ असे लिहून घ्या. विमा क्रमांक घरच्यांना पाठ हवा. तात्पुरती भरपाई संपली की ईएसआयच्या शाखा कार्यालयात मेडिकल बोर्डासाठी अर्ज करा. बोर्डाने दिलेले टक्के मान्य नसतील तर अपील करता येते.

ही माहिती इंटरनेटवर आहे, पण बहुतेक इंग्रजीत. म्हणून वरचा बोटांचा तक्ता मोठ्या अक्षरांत विहाराच्या फलकावर लावा.

त्या मुलाकडे नोंदवहीची प्रत नव्हती. दवाखान्याची एक चिठ्ठी आणि मोबाईलमध्ये बँडेजचा फोटो, एवढेच. आम्ही तिथूनच सुरुवात केली.