आपल्या गरजेचा भाग फ्रिट्झिंगमध्यें कसा घडवावा

जमिनींतील ओलावा पाहून पंप आपोआप चालू-बंद करणारें यंत्र घरच्या घरीं जुळविण्याची हौस आतां कित्येक शेतकरी बंधूंस लागली आहे. अशी जोडणी प्रथम ब्रेडबोर्डावर, म्हणजे छिद्रांच्या पाटीवर, तारा खोंचून पाहतात. ती यथास्थित रेखाटण्यास फ्रिट्झिंग ही संगणकप्रणाली सोयीची आहे. तिचा आरंभ २००७ सालीं जर्मनींतील पोट्सडाम येथें झाला. तींत पुष्कळ भाग तयार मिळतात. परंतु आपण आणलेला ओलावामापक सांपडेलच असा नेम नाहीं. मग तो आपणच घडवावा लागतो.

भाग म्हणजे एकच चित्र नव्हे. ब्रेडबोर्डावरील रूप, सांकेतिक आकृति व पीसीबीवरील, म्हणजे तांब्याच्या रेघांच्या पक्क्या पट्टीवरील, ठसे अशीं तीन चित्रें एकमेकांस बांधलेलीं असतात. कोऱ्या पानापासून आरंभ करूं नये. तीन पायांचा एखादा तयार भाग घेऊन तो पार्ट्स एडिटरमध्यें उघडावा, आणि इंकस्केपमध्यें काढलेलीं एसव्हीजी चित्रें त्यांत घालावीं. नंतर प्रत्येक पाय तिन्ही चित्रांत कोणता, तें एकेक करून दाखवून द्यावें. येथें घाई केल्यास घात होतो. ब्रेडबोर्डावर जो पाय विजेचा तोच पट्टीवर ग्राउंडचा ठरतो. चित्र सुबक दिसतें, आणि पैसे खर्चून करून आणलेल्या पट्टीवर मापक जळून जातो. पायांचा क्रम मापकावरील अक्षरें वाचूनच ठरवावा. सर्व कारखान्यांचा क्रम एक नसतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. नकाशाचें प्रमाण चुकलें म्हणजे बांधाचे तंटे कसे माजतात, हें महसूल खात्यांत चाकरी केलेल्यास सांगावयास नको. ब्रेडबोर्डाच्या दोन छिद्रांतील अंतर २.५४ मिलिमीटर असतें. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्या एका इंचांत ९० बिंदु धरीत. २०१७ सालच्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ धरतात. ९६ च्या हिशेबानें काढलेलें चित्र ९० च्या हिशेबानें वाचलें गेलें, तर तीन पायांत फरक डोळ्यांस दिसत नाहीं. पण सोळा पायांच्या पडद्याचा शेवटचा पाय नेमका एक छिद्र पुढें जातो. म्हणून चित्राची लांबी-रुंदी बिंदूंत न देतां मिलिमीटरांतच द्यावी.

पट्टी करावयास देण्यापूर्वीं तिचें चित्र पूर्ण मापानें कागदावर छापून मापकाचे पाय त्यावर टेकवून पाहावे. ते जुळले म्हणजे भाग निराळ्या नांवानें जतन करावा. त्याची एफझेडपीझेड फाइल काढून शेजाऱ्यासही देतां येते.