कठडा नसलेला देखावा

राजारामपुरीत गणपतीचे तांत्रिक देखावे बघतच मी मोठा झालो आणि आता मंडळांसाठी तेच करतो. हलणाऱ्या मूर्ती, मागं मोटर, आत लोखंडी सांगाडा. बघणारा मात्र कठड्याच्या बाहेर. मला तो कठडा नको आहे. म्हणून सध्या हवेवर उभं राहणारं शिल्प आखतोय, गल्लीतल्या पोरांनी खुशाल ढकलावं असं.

"म्हणजे जत्रेतला मिकी माऊसच की, दादा?" मंडळातल्या एकानं विचारलं. तंत्र तेच. शिवणीच्या भोकांतून हवा सारखी निसटते आणि ब्लोअर ती सारखी भरत राहतो. आतला दाब अगदी थोडा, म्हणून धडकलं तरी लागत नाही. पण याच हवेवर मोठी कला उभी राहिली आहे. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी २०११ साली पॅरिसच्या ग्रां पॅलेमध्ये 'लेव्हायथन' उभारलं, सुमारे ३५ मीटर उंच. लोक त्याच्या लाल पोटात शिरायचे. त्सुनामीनंतर २०१३ मध्ये जपानमध्ये मात्सुशिमाला त्यांनी वास्तुविशारद अराता इसोझाकींबरोबर हवेवर उभं राहणारं फिरतं संगीतगृह केलं.

माझ्या शिल्पाचा जीव दोन गाद्यांत आहे. दोन टोकांना दोन, मधे जाड नळी. इकडं कुणी टेकलं की हवा तिकडं पळते आणि तिकडच्या माणसाला हळूच पुढं सारते. कोण ढकलतंय ते दिसत नाही, वळसा घालून बघायला जावं लागतं. इथं शिवण चालत नाही, कारण हवा कोंडून राहिली पाहिजे. पीव्हीसीच्या कडा तापवून एकजीव कराव्या लागतात. नळीत दाब मोजणारा सेन्सर बसवला की जोर वाढेल तसा आतला दिवा उजळतो. बटण नाही, सूचनेची पाटी नाही. आजीनं दमून पाठ टेकली तरी पलीकडच्या नातवाला ते कळावं, यासाठीच सगळी खटपट.

खरी झुंज वाऱ्याशी. २००६ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर-ले-स्ट्रीटच्या बागेत 'ड्रीमस्पेस' ही भव्य हवाई कलाकृती आत माणसं असताना वाऱ्यानं उचलली. दोन बायकांचा जीव गेला. तेव्हा आकार सुचायच्या आधी मी हिशोब मांडतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण ६ किलोचा रेटा देतो. पाच मीटर रुंद, चार मीटर उंच अंगावर झाले १२० किलो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे ४८० किलो. डांबरी रस्त्यात खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून पाण्याची पिंपं. तीही घसरतात, त्यामुळे रेट्याच्या दुपटीहून जास्त वजन धरतो. त्यात गणपतीत पाऊस. वरचा भाग सपाट ठेवला तर पाणी साचून सगळं खाली बसेल, म्हणून माथा उतरताच काढलाय.

आत शिरायला जागा ठेवलेली नाही. लाइट गेली तर कापड बसेल, पण कुणी त्याखाली सापडणार नाही. वारा मोजायचं यंत्र घेऊन एक पोरगा कायम शेजारी असेल. युरोपात उड्या मारायच्या फुग्यांना ताशी ३८ किलोमीटरच्या वर परवानगी नाही. आम्ही ३० धरलेत. काटा तिथं गेला की माणसं बाजूला करून ब्लोअर बंद करायचा, आणि त्यासाठी त्यानं अध्यक्षांना विचारायचं नाही, असं बैठकीत ठरवून घेतलंय.