चूक दडपू नका, तिला वाट द्या!

संगणक शिकू लागलेल्या मुलामुलींसाठी 'एक्सेप्शन हँडलिंग'ची तोंडओळख

संगणकाची भाषा शिकू लागलेल्या मुलामुलींना सुरुवातीला एका गोष्टीची फार धास्ती वाटते. प्रोग्रॅम चालवावा, एखादी संख्या टाकावी आणि उत्तराऐवजी पडद्यावर आठ-दहा ओळींचा इंग्रजी मजकूर उमटावा, की मूल गांगरून जाते. आपली अक्कल कमी पडते, असे त्याला वाटू लागते. घरातली शिकलेली पहिली पिढी असेल तर विचारायलाही कोणी नसते. मग एखादा मित्र युक्ती सांगतो. प्रोग्रॅमच्या आधी एक शब्द आणि शेवटी एक शब्द घातला की त्या भयंकर ओळी दिसेनाशा होतात! मूल खूश होते, प्रोग्रॅम 'चालू' लागतो आणि खरी अडचण आत तशीच राहते.

ही युक्ती घातक आहे, हे आम्हांला सांगायचे आहे. त्या ओळी शिक्षा म्हणून येत नाहीत, खबर म्हणून येतात. ती खबर योग्य माणसापर्यंत कशी पोहोचवावी, याचे शास्त्र म्हणजेच एक्सेप्शन हँडलिंग. मराठीत आपण त्याला 'अपवादांची हाताळणी' म्हणू.

अपवाद म्हणजे काय?

प्रोग्रॅममधल्या चुका एकाच जातीच्या नसतात. शब्द चुकीचा लिहिला, कंस बंद करायचा राहिला, तर जावासारख्या भाषेत प्रोग्रॅम सुरूच होत नाही. ही व्याकरणाची चूक झाली. कधी कधी व्याकरण बरोबर असते, पण चालता चालता आडवे काहीतरी येते. जी फाइल वाचायची ती जागेवर नसते. भागाकार करायचा तर भाजक शून्य निघतो. संख्या मागितली तर माणूस 'बारा' असे अक्षरांत लिहितो. अशा वेळी ठरलेला रस्ता सोडावा लागतो. हाच अपवाद.

गंमत म्हणजे जावा आणि पायथन या दोन्ही भाषांना '१२' हे देवनागरी अंक देऊन त्यांची संख्या करायला सांगितले, तर त्या बिनतक्रार करून देतात. अक्षरांतला 'बारा' मात्र त्यांना कळत नाही. तिथे त्या अपवाद उभा करतात.

जुनी रीत आणि तिचा दोष

अपवादांची वेगळी सोय नसलेल्या भाषांत एक रीत होती, आजही काही ठिकाणी आहे. काम झाले नाही तर उत्तर म्हणून एखादा खुणेचा आकडा परत द्यायचा. उदाहरणार्थ, उणे एक. मागणाऱ्याने तो आकडा तपासायचा आणि ओळखायचे की काहीतरी बिघडले.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. म्हणून हिशेबाचेच उदाहरण घेतो. एका वाचनालयाचे ४० सभासद आहेत. प्रत्येकाची जमा वर्गणी शोधून बेरीज करायची आहे. सभासद नोंदीत सापडला नाही तर 'उणे एक' परत येईल, असे ठरले आहे. ३ सभासद सापडले नाहीत. बेरीज करणाऱ्याने तपासणी केली नाही, त्याने तो आकडा सरळ बेरजेत धरला. एकूण रक्कम ३ रुपयांनी कमी आली. पडद्यावर तक्रार नाही, प्रोग्रॅम थांबला नाही. वर्षअखेर ताळेबंद जुळेना, तेव्हा खजिनदार रात्रभर पावत्या तपासत बसला. चूक झाली होती, पण ती आकड्याचा वेष घेऊन आली होती. तिला ओळखणार कोण?

हा दोष जाणूनच भाषा घडवणाऱ्यांनी चुकीसाठी वेगळी वाट काढली. १९७५ साली जॉन गुडइनफ यांनी या विषयावर मूलभूत निबंध लिहिला. पुढे एडा, सी प्लस प्लस, जावा, पायथन अशा भाषांत ही सोय आली. उत्तर एका वाटेने येते आणि अपवाद दुसऱ्या वाटेने. दोघांची सरमिसळ होत नाही.

कचेरीतला अर्ज

ही दुसरी वाट कशी असते? कचेरीत कारकुनी करणाऱ्या आम्हां लोकांना ती समजायला सोपी आहे.

खिडकीवरच्या कारकुनाकडे एक अर्ज आला आणि त्याला उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही. कारकुनाच्या अधिकारात असेल तर तो अर्जदाराला तिथेच सांगतो, "दाखला आणा." प्रश्न तिथेच मिटला. पण अर्जात नियमाबाहेरची बाब निघाली तर कारकून शेरा मारून तो अर्ज हेडक्लार्ककडे पाठवतो. त्यांनाही निर्णय घेता येत नसेल तर अर्ज साहेबांच्या टेबलावर जातो. साहेबांनीही काही केले नाही तर काम ठप्प होते.

प्रोग्रॅममध्ये अगदी असेच घडते. एक मेथड दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला. तिसरीत अपवाद उभा राहिला आणि तिला तो सोडवता आला नाही, तर तो दुसरीकडे जातो, तिथून पहिलीकडे. जिथे हाताळणारा भेटेल तिथे थांबतो. कोणीच भेटला नाही तर प्रोग्रॅम बंद पडतो आणि त्या आठ-दहा ओळी पडद्यावर येतात. म्हणजे त्या ओळी कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलाकडे प्रकरण गेले, याची आवक-जावक नोंदच असते!

आता तिसरा प्रकार पाहा. कारकुनाने अर्ज घेतला, त्यातली अडचण पाहिली आणि तो टेबलाच्या खणात टाकून दिला. वर कळवले नाही, अर्जदारालाही सांगितले नाही. खिडकीवर सारे शांत! अर्जदार मात्र महिनोन् महिने वाट पाहतो. मित्राने शिकवलेली युक्ती म्हणजे हा खण आहे.

चार शब्द

जावा भाषेत या व्यवहाराचे मुख्य शब्द चार.

'ट्राय' म्हणजे प्रयत्न. ज्या ओळींत अडथळा येऊ शकतो त्या या भागात लिहायच्या.

'कॅच' म्हणजे झेलणे. अडथळा आलाच तर काय करायचे, ते या भागात लिहायचे. पायथनमध्ये यासाठी 'एक्सेप्ट' हा शब्द आहे.

'थ्रो' म्हणजे फेकणे. आपणहून अपवाद उभा करायचा असेल तर हा शब्द. पायथनमध्ये 'रेझ' म्हणतात.

'फायनली' म्हणजे अखेरीस. काम पार पडो वा न पडो, हा भाग चालतोच. उघडलेली फाइल बंद करणे यासारखी आवराआवर इथे करायची. अर्थात मध्येच वीज गेली तर तोही चालणार नाही, हे लक्षात ठेवावे.

हिशेबाच्या कामात आणखी एक काळजी घ्यावी लागते. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी अपवाद आला, तर नोंद अर्धवट राहते. जमाखर्च शिकलेल्या कोणालाही हे सहन होणार नाही. अशा वेळी पहिली नोंदही मागे घेऊन खाते पूर्वस्थितीत आणणे, हे 'कॅच'मध्ये करायचे काम आहे.

ऑब्जेक्टचा संबंध कुठे येतो?

ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि त्या माहितीवरची कामे एकत्र बांधलेली वस्तू. 'क्लास' हा तिचा साचा. 'सभासद' या क्लासमधून प्रत्येक सभासदाचा एकेक ऑब्जेक्ट तयार होतो. आपल्या आतली माहिती शुद्ध ठेवणे ही त्याची जबाबदारी. कोणी 'उणे ५० रुपये वर्गणी जमा कर' असे सांगितले, तर ऑब्जेक्टने मुकाट्याने ऐकायचे नाही. अपवाद फेकून नकार द्यायचा.

आणि ऑब्जेक्ट जन्मालाच येत नसेल तर? समजा, सभासदाचे नावच दिलेले नाही. ऑब्जेक्ट घडवणारी जी मेथड असते, कन्स्ट्रक्टर म्हणतात ती, तिला खुणेचा आकडा परत देण्याची सोयच नसते. तिथे अपवाद हीच सरळ वाट.

यापुढची गोष्ट अशी की या भाषांत अपवाद हाही एक ऑब्जेक्टच असतो. त्याच्याजवळ आपले नाव, निरोप आणि प्रवासाची नोंद असते. शिवाय अपवादांचे कुळ असते. जावात 'फाइल सापडली नाही' हा अपवाद 'वाचन-लेखनातील अडचण' या मोठ्या अपवादाचा वंशज आहे आणि तो मोठा अपवाद 'एक्सेप्शन' या मूळ क्लासचा. मूळ क्लास झेलला की सारे वंशज त्यात झेलले जातात. म्हणून विशिष्ट अपवाद आधी आणि सर्वसाधारण नंतर, असा क्रम ठेवावा लागतो. क्रम उलटा केला तर जावा प्रोग्रॅम स्वीकारतच नाही. पायथन स्वीकारते, पण विशिष्ट भागाकडे कधी वळत नाही.

आपल्याला हवा तो अपवादही आपण तयार करू शकतो. 'सभासद सापडला नाही' असा क्लास करावा आणि त्यात सभासद क्रमांक ठेवावा. मग खजिनदाराला रात्र जागवावी लागणार नाही. कोणता क्रमांक सापडला नाही, हे तिथल्या तिथे कळेल.

एका अग्निबाणाची कथा

हे सारे वर्गातल्या अभ्यासापुरते आहे, असे कोणी समजू नये. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधल्या कुरू येथून युरोपचा नवा अग्निबाण एरियन-५ पहिल्यांदाच झेपावला. त्यात 'क्लस्टर' मोहिमेचे ४ वैज्ञानिक उपग्रह होते. अवघ्या ४० सेकंदांच्या आसपास, सुमारे ३७०० मीटर उंचीवर, तो मार्गावरून वळला, तुटला आणि त्याचा स्फोट झाला. आत माणूस नव्हता, एवढेच नशीब.

फ्रेंच गणिती जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले. जुलै १९९६ मध्ये त्याचा अहवाल आला. अग्निबाणाची दिशा आणि गती मोजणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवली जात होती. १६ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. हा भाग आधीच्या एरियन-४ मधून उचललेला होता. तिथे ती संख्या कधी एवढी वाढली नव्हती. एरियन-५ चा आडवा वेग सुरुवातीपासूनच जास्त. संख्या मावली नाही आणि अपवाद उभा राहिला.

एडा भाषेत तो झेलण्याची सोय होती. अशा ७ संख्यांपैकी ४ ठिकाणी संरक्षण घातलेही होते. संगणकावर भार वाढू नये म्हणून ३ ठिकाणे तशीच सोडली. ती मर्यादेबाहेर जाणारच नाहीत, असे गृहीत धरले होते. अपवाद आला की यंत्रणेने निदानाची माहिती पाठवावी आणि स्वतः बंद व्हावे, असे ठरलेले होते. तसेच झाले. राखीव यंत्रणा तर त्याच प्रोग्रॅममुळे सेकंदाच्या अंशाने आधीच बंद पडली होती. आणि मुख्य संगणकाने ती निदानाची माहिती उड्डाणाचे आकडे म्हणून वाचली! त्यावर विसंबून त्याने अग्निबाण वळवला. वाईट याचे की ज्या गणितात हे घडले, त्याचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता.

वाचनालयाच्या बेरजेत उणे एक मिसळले तेव्हा ३ रुपये गेले. इथे चुकीची खूण आकडा म्हणून वाचली गेली आणि वर्षानुवर्षांचे श्रम जळाले. पुन्हा ४ उपग्रह तयार करून २००० साली बैकानूरहून रशियन सोयूझ अग्निबाणांनी सोडावे लागले.

शिकणाऱ्यांनी काय करावे?

पहिले, त्या ओळी वाचायला शिका. जावात अपवादाचे नाव आणि निरोप सर्वांत वर असतो, पायथनमध्ये सर्वांत खाली. नाव वाचा, ओळीचा क्रमांक पाहा. निम्मे काम तिथेच होते.

दुसरे, 'कॅच'चा भाग रिकामा ठेवू नका. काही उपाय करता येत असेल तर करा. नसेल तर नोंद करून प्रकरण वर जाऊ द्या.

तिसरे, सगळे अपवाद एकाच जाळ्यात पकडू नका. ज्याचा उपाय आपल्याला ठाऊक आहे, तोच झेला.

चौथे, प्रोग्रॅम तपासताना मुद्दाम वाकडे वागा. शून्य टाका, रिकामी जागा ठेवा, फाइल काढून घ्या. 'असे होणारच नाही' या वाक्यावर भरवसा ठेवू नका.

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या पडद्यावर तशा ओळी दिसल्या तर "चुकलास वाटतं?" असे म्हणू नका. "काय लिहिलंय त्यात? वाचून दाखव," एवढेच म्हणा. आपल्याला संगणक येत नसला तरी चालेल. वाचून दाखवता दाखवता मुलाला निम्मी उमज पडते. आज वर्गात शिकणारी हीच मुले उद्या बँकेचे, दवाखान्याचे, शिष्यवृत्तीचे प्रोग्रॅम लिहिणार आहेत. त्यातली एखादी चूक खणात गेली, तर एखाद्या घरची शिष्यवृत्ती कारण न कळता अडून राहील. म्हणून पडद्यावरची ओळ पुसण्याआधी तिचा अर्थ लावण्याची सवय आजच, पहिल्या धड्यापासून लावून घेतलेली बरी.