जीएसटी नंबर म्हणजे परवाना नव्हे

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या ऑफिसात सेप्टिक टँक उपसण्याची कोटेशनं येऊन पडतात. गेल्या वर्षीच्या एका लेटरहेडवर ठळक अक्षरात जीएसटी नंबर होता, शेजारी शॉप ॲक्टचा नंबर आणि कामाच्या रकान्यात बॉलपेननं लिहिलेलं : 'माणसं दोन, दोर, बादली.' दर सगळ्यांत कमी. "कागदपत्रं तर सगळी आहेत," म्हणत कमिटी सही करायला निघाली होती.

त्यातला एकही कागद या कामाचा परवाना नव्हता. जीएसटी करापुरता. शॉप ॲक्टचं म्हणाल, तर महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असले की नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ठेकेदाराला टाकीचं काम येतं की नाही, हे तिथे कोणी पाहत नाही.

"आमचा प्लंबर महापालिकेचा लायसन्सवाला आहे," असंही ऐकू येतं. तो परवाना खरा आहे. मुंबईत प्लंबरना परवाना देण्याची तरतूद 1888 च्या महापालिका कायद्यातच आहे. पण तो नळजोडणीचा आणि ड्रेनेजच्या कामाचा. टाकीत माणूस उतरवायची मुभा त्यातून मिळत नाही.

मास्क आणि गमबूट दिले की झालं, ही समजूतही चूक. हातानं मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याच्या नियमांनुसार सुरक्षा साधनं देऊनसुद्धा मलवाहिनीत माणूस उतरवता येतो तो मोजक्याच कामांसाठी, उदाहरणार्थ यंत्र चालत नाही तिथलं तुटलेलं झाकण काढणं किंवा मॅनहोलची पुनर्बांधणी. एरवी अगदीच अपरिहार्य असेल, तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याची सकारण लेखी परवानगी लागते.

सगळ्यांत जीवघेणा गैरसमज वासाचा. 'वास येत नाही, म्हणजे गॅस नाही.' हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबतो तेव्हाच धोका सगळ्यांत मोठा असतो. मिथेनला तर वासच नाही, आणि काडी ओढून पाहिली तर भडका. पहिला आत कोसळतो, दुसरा त्याला ओढायला उतरतो आणि तोही वर येत नाही.

"काही झालं तर ठेकेदार बघून घेईल," हे कायद्याला मान्य नाही. त्याच 2013 च्या कायद्याचं कलम 7 प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामाला लावणाऱ्या कोणालाही लागू होतं. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही; गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीतल्या एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मरण पावले. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या विधवांना प्रत्येकी 10 लाख देण्याचा आदेश सरकारला दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली. त्या कोटेशनमधल्या 'दोन माणसं'पुढे आपण कोणता आकडा मांडणार होतो?

आम्ही सक्शन टँकरवाल्याला बोलावलं. पाइप आत गेला, माणूस वर उभा राहिला. पैसे जास्त पडले.

तुमच्या सोसायटीतही कोटेशन येईल. दर बघण्याआधी ठेकेदाराला विचारा, "माणूस आत उतरणार का?" उत्तर 'हो' असेल, तर सही करू नका.